अलिप्तेची चोरी

१

चोरीचा पत्ता मालकीणबाईंना लागला तो नाट्यगृहातल्या बायकांच्या स्वच्छतागृहात. हे सांगताना त्या इतक्या अवघडल्या, की मामांना क्षणभर वाटलं, चोरी यांच्याच हातून झाली आहे.

झालं होतं ते असं. दुपारचा प्रयोग होता. मध्यंतरात मालकीणबाई तिथे पहिल्यांदाच जिना उतरून खाली गेल्या, दार ढकललं आणि जागच्या जागी थबकल्या. आत ‘ती’ होती. माणूस म्हणाल तर कुणीच नव्हतं. आरसा, बेसिन, ओली फरशी, आणि त्या सगळ्यावर पसरलेली ‘ती’.

आता ‘ती’ म्हणजे कोण, हे सांगायला हवं. मालकीणबाईंचा सुगंधांचा कारखाना होता. लहानसाच, पण नाव राखून असलेला. बायकांसाठी फुलांचे सुगंध बनवायचे ही तिथली खासियत, आणि तिथे एक जुनी रीत होती. नवा सुगंध बनवायचा तर आधी फुलं, तेलं, अर्क यांचं नावही काढायचं नाही. आधी बाई ठरवायची. ती कशी बसते, कशी हसते, तिच्या कपाटात काय असतं, ती कुणावर चिडते. महिनाभर सगळे त्या नसलेल्या बाईबद्दल असे बोलत, जशी काही ती शेजारीच राहते. मग तिला साजेसा सुगंध बांधायचा. त्यामुळे तिथे कुठल्याच सुगंधाला कुणी ‘तो’ म्हणत नसे. सगळ्या ‘ती’.

या वेळची ‘ती’ होती अलिप्ता. येत्या शनिवारी व्यापाऱ्यांसमोर तिची पहिली ओळख व्हायची होती. तोवर एक थेंबही दाराबाहेर जाणार नव्हता. आणि ती तर नाट्यगृहाच्या तळघरात जाऊन पोचली होती.

“अगं, सारखा वास असेल एखादा,” मामा म्हणाले.

“मामा, सारखा वेगळा आणि तोच वेगळा. फूल तर असं, की आत्ताच तोडलंय.”

मामा म्हणजे मालकीणबाईंचे सख्खे मामा. आयुष्यभर विमा कंपनीत आगींचा तपास केला, आता निवृत्त. आग आपोआप लागली की कुणी लावली, हे ते घरातल्या माणसांशी चहा पिता पिता ओळखत. भाचीनं त्यांनाच बोलावलं, कारण पोलिसांत जायचं म्हणजे शनिवारच्या आधीच चारचौघांत शोभा. अडचण एकच होती. मामांना जन्माची सर्दी. वासाच्या कारखान्यात बिननाकाचा तपासनीस आला म्हणून बाटल्या भरणाऱ्या बायकांनी तोंडाला पदर न लावताच हसून घेतलं.

वजनाच्या खोलीतल्या कपाटात अलिप्तेची एकच बाटली होती. बोटभर उंचीची, तपकिरी, तोंडाला लाख लावलेली. मामांनी भिंग लावून पाहिलं. लाख शाबूत होती.

“मग चोरलं काय?” मामांनी विचारलं.

“बाटली कशाला चोरायला हवी?” मालकीणबाई म्हणाल्या. “जिला मापं तोंडपाठ आहेत ती घरी बसून दुसरी बनवेल. आणि मापं तोंडपाठ असलेली इथे कोण आहे, ते मला माहीत आहे. मामा, तिची बॅग बघा.”

२

वजन करणाऱ्या मुलीला सगळे थेंबी म्हणत. सुगंधात काय किती पडायचं ते ती थेंबाथेंबानं मोजून घाली. हात असा स्थिर, की काट्यानं लाजावं. आई अंथरुणाला खिळलेली, धाकटा भाऊ शिकणारा, आणि घरात मिळवती ही एकटी.

बॅग उघडायला सांगितली तेव्हा तिनं काही विचारलं नाही. मालकीणबाईच म्हणाल्या, की उगाच चाचपत बसू नका, टेबलावर ओता. मामांनी ओतली.

पुढे कितीतरी दिवस मामांना ते टेबल डोळ्यांसमोरून हलेना. औषधाची पाकिटं पडली, तडा गेलेला आरसा पडला, अर्धी खाल्लेली पोळी कागदासकट पडली, आणि त्या सगळ्यांवर एक आतला कपडा येऊन पडला. पट्टा तुटलेला, पिनेनं सांधलेला. खोलीत तिच्याखेरीज चार माणसं होती. थेंबीनं हात पुढे केला, मग मागे घेतला, कारण तपास चालू असताना वस्तूंना हात लावायचा नसतो, असं मामांनीच दोन मिनिटांपूर्वी तिला बजावलं होतं.

मग एका रुमालाच्या घडीतून कागदाच्या पट्ट्या निघाल्या. वास बघायला ज्या अर्कात बुडवतात, त्या. वापरलेल्या पट्ट्या संध्याकाळी जाळून टाकायच्या असा तिथला नियम. मालकीणबाईंनी एक नाकाशी नेली आणि ‘तीच’ अशी मान हलवली.

“कपाटात कपड्यांमध्ये ठेवते मी,” थेंबी म्हणाली. “जाळायच्याच असतात ना. म्हणून नेते.”

मालकीणबाईंनी फैसला सुनावला. शनिवारपर्यंत कामावर यायचं नाही. तोवर मामांना दुसरा कुणी सापडला तर ठीक, नाहीतर शनिवारी सगळ्या व्यापाऱ्यांसमोर सांगायचं, की हिनं आमची ‘ती’ फोडली. या धंद्यातली माणसं एकमेकांना घरच्यासारखी ओळखतात. सुगंध फोडणारी म्हणून जिचं नाव झालं, तिला कुणी दारात उभं करत नाही. थेंबीला हे समजावून सांगायची गरज नव्हती.

त्या वेळी खोलीत आणखी दोघं होती. एक जाहिराती लिहिणारा, ज्याला सगळे कविराज म्हणत आणि तो ते खरं मानत असे. तो खिडकीबाहेर बघत होता. दुसऱ्या म्हणजे सुगंध बांधणाऱ्या बाई. समोर त्यांना सगळे मॅडम म्हणत आणि माघारी नाकबाई. त्या टेबलाकडे बघत होत्या, आणि पूर्ण वेळ त्यांनी तिथून नजर हलवली नाही.

थेंबीनं वस्तू भरून घेतल्या. तो कपडा तिनं सगळ्यात आधी घेतला. ती गेली, आणि मामांना स्वतःची लाज वाटली. जळक्या घरांतली किती कपाटं त्यांनी उपसली होती, पण त्या घरांची माणसं कधी अशी हात जुळवून समोर उभी नव्हती. आपण तपास केला नाही, एका पोरीला भर खोलीत उघडं पाडलं, हे त्यांना जिना उतरता उतरताच कळलं.

३

दुसऱ्या दिवशी मामांनी कविराजांना चहाला बसवलं. माणूस बोलका निघाला. थेंबीनं असं केलं असेल यावर त्याचा विश्वास नव्हता, पण तो हे मालकीणबाईंसमोर म्हणणार नव्हता, कारण त्याला घरभाडं भरायचं होतं. हेही त्यानं आपणहून सांगितलं.

“मामा, पट्ट्यांचा काही उपयोग नाही,” तो म्हणाला. “फूल संध्याकाळपर्यंत उडून जातं. दुसऱ्या दिवशी राहतो तो फक्त तळ. लवंग आणि ते इस्त्रीच्या कपड्यासारखं काहीतरी. मालकीणबाई म्हणतात फूल ताजं होतं. म्हणजे तिथे जे होतं ते पट्टीवरून आलेलं नाही.”

“म्हणजे थेंबी सुटली?”

“कशी सुटेल? मापं तिच्या डोक्यात आहेत. ती डोक्यातून काढून दाखवता येत नाहीत.”

घोडं तिथेच अडलं. मामांनी नाक शिंकरलं आणि म्हणाले, मला वास येत नाही बाबा, ही तुमची अलिप्ता आहे तरी कशी ते नीट सांग. कविराज खुलला. राजघराण्यातली वाटावी अशी बाई मालकीणबाईंना हवी होती, आणि ती नाकबाईंनी अशी उभी केली, की महिनाभर सगळ्यांना तिचा धाक वाटत होता. ती कुणाशी आपणहून बोलत नाही. कुणी जवळ आलं की अर्धं पाऊल मागे सरते. हात नेहमी आत्ताच धुतल्यासारखे. कॉलर कडक इस्त्रीची. आणि ती कधीच भिंतीला टेकत नाही, कितीही वेळ उभं राहावं लागलं तरी.

“‘जिच्याजवळ जाता येत नाही ती’,” कविराज म्हणाला. “ही ओळ माझी. बाटलीवर छापलीय.”

नाकबाईंनाही मामा त्यांच्या खोलीत जाऊन भेटले. बाई उंच, शांत, बोलणं मोजकं. त्यांची आई नटी होती आणि लवकर वारली, असं सगळे सांगत, आणि चालण्याबोलण्यात ते दिसतंही, असंही सांगत. चोरीबद्दल त्यांनी ताकास तूर लागू दिली नाही. थेंबीचं काम कसं आहे, या प्रश्नावर म्हणाल्या, “तिच्यासारखं कुणाचं नाही.” मग अलिप्ता तुम्हाला कुठे सापडली, असं मामांनी सहज विचारलं.

“पाहिली होती कुठेतरी.”

“आणि राजघराण्यातल्या बाईला लवंगेचा वास कसा?”

“तिच्या हातांना असतो,” नाकबाई म्हणाल्या, आणि लगेच पुढ्यातल्या बाटल्या आवरायला लागल्या.

मामा दारापर्यंत गेले तेव्हा त्यांनी मागून हाक मारली. इतका वेळ सरळ असलेला आवाज जरा खाली आला होता.

“मामा, तिथल्या मावशींना कुणी काही बोललं नाही ना?”

“छे, कोण बोलणार?” मामा म्हणाले आणि निघाले.

जिन्याच्या मधल्या वळणावर ते थांबले. त्यांनी मालकीणबाईंचं बोलणं शब्दन् शब्द आठवून पाहिलं. आरसा होता, बेसिन होतं, ओली फरशी होती. माणूस कुणी नव्हतं. तिथे एखादी मावशी असते हे कुणी म्हटलंच नव्हतं. अर्थात अशा जागी कुणीतरी असतंच, ते काय सांगावं लागतं. पण मग त्यांनी खाली येऊन कविराजांना विचारलं, की नाकबाई त्या नाट्यगृहात कधी जातात का.

“त्या? मालकीणबाई फुकट पास देतात ते सगळे वाटून टाकतात. नटीची लेक, पण नाटकाचं नाव काढलं की तोंड फिरवतात. आजवर एकदाही गेलेल्या नाहीत, असं स्वतःच सांगतात.”

४

वय झालेल्या माणसानं बायकांच्या स्वच्छतागृहाबाहेर घुटमळत उभं राहणं, यासारखी लाजिरवाणी गोष्ट नाही. मामांनी आधी छताकडे बघितलं, मग पुढच्या नाटकाचं पोस्टर तीनदा वाचलं. शेवटी द्वारपाल जिना उतरून आला.

“काका, पुरुषांचं पलीकडे.”

मामांनी कानकोंडं होऊन आपलं काम सांगितलं. चोरी हा शब्द टाळला. इथे एक वास येतो म्हणे, त्याची चौकशी करतोय, एवढंच म्हणाले.

“खालचा वास?” द्वारपाल हसला. त्याच्या डोक्यावर एक काळा केस शोधून सापडला नसता. “काका, माझे केस काळे होते तेव्हापासून आहे तो. नट्या तर म्हणतात, पडदा उघडायच्या आधी खाली जाऊन एकदा तो वास घेतला की धीर येतो. मावशींची करामत आहे. त्यांनाच विचारा, येतीलच.”

मामा भिंतीला टेकले. त्यांना बसायला हवं होतं, पण तिथे बसायला काही नव्हतं. अलिप्ता बांधून झाली ती या वर्षी. आणि हा वास इथे आहे तो द्वारपालाच्या तरुणपणापासून. म्हणजे कारखान्यातून कुणी काही बाहेर नेलंच नव्हतं. चोरी झाली असेल तर ती उलट्या बाजूनं झाली होती.

तेवढ्यात खालच्या अंगाच्या लहानशा खोलीतून एक म्हातारी बादली घेऊन आली. मामांना पाहून तिनं बादली खाली ठेवली, हात एप्रनला पुसले आणि अर्धं पाऊल मागे सरली. हात धुवून धुवून पांढरे पडलेले. जुन्या झग्याची कॉलर अशी इस्त्रीची, की बोट कापावं. भिंत हातभर अंतरावर होती आणि ती टेकली नव्हती.

मामांना आयुष्यात तिचा वास येणार नव्हता. पण महिनाभर ज्या बाईबद्दल सगळा कारखाना बोलत होता, ती समोर उभी आहे, हे त्यांनी पाहताक्षणी ओळखलं.

५

मावशी बोलायला तयार नव्हत्या, पण वास कसा करता या प्रश्नावर त्यांचा चेहरा जरा उजळला. स्वस्तातलं फुलांचं तेल, पांढऱ्या फुलांचं. त्यात उकळलेल्या लवंगांचं पाणी, कारण नुसत्या फुलानं भागत नाही, इथला वास फुलाला खातो. आणि कपड्यांना घालायच्या खळीचं उरलेलं पाणी. रोज थोडं ताजं करायचं. फरशीवर शिंपडायचं, आणि हातांना, गळ्याला लावायचं.

“स्वतःलाही?” मामांनी विचारलं.

“दिवसभर इथेच असते मी, साहेब. माणसाला आपला वास आपल्याला कळत नाही. समोरच्याला येत असेल. म्हणून लावते, आणि वर लांबूनच बोलते. कुणाला नाक मुरडायची पाळी नको.”

जिच्याजवळ जाता येत नाही ती. मामांना कविराजांची ओळ आठवली.

त्यांनी मावशींना सगळं सांगितलं. कारखाना कुठला, चोरीचा आळ कसला, आणि एका पोरीचं काम आणि नाव दोन्ही शनिवारी जाणार ते. मावशींच्या तोंडचं पाणी पळालं.

“कोण पोरगी? सुगंध बांधते ती?”

“नाही. वजन करते ती.”

मावशींनी श्वास सोडला. मग आपण सुटकेचा श्वास सोडला हे त्यांच्याच लक्षात आलं असावं, कारण त्यांनी मान खाली घातली.

“तिचं काय वय?” त्यांनी विचारलं.

“विशीतली आहे. घरात आई आजारी.”

“मग लिहून घ्या साहेब. बाटली मी चोरली.”

“कशी होती बाटली?”

“मोठी,” मावशी म्हणाल्या. “निळी.”

मामांनी लिहून घेण्याचं नाटक केलं. मूलबाळ काही आहे का, असं विचारलं.

“कुणी नाही,” मावशी म्हणाल्या. प्रश्न पुरा व्हायच्या आत म्हणाल्या, पाठ केलेलं म्हणावं तसं.

नाट्यगृहाच्या पायऱ्या उतरताना मामांच्या मनात एक विचार येऊन गेला. ही कबुली घ्यावी. थेंबी सुटेल. नाकबाईंचं झाकलेलं झाकलेलं राहील. भाचीची अब्रू वाचेल. म्हातारीला कोण ओळखतं, आणि ती स्वतःच तर म्हणते आहे. एका झटक्यात सगळ्यांचं भलं. रस्ता ओलांडून पलीकडे जाईपर्यंत मामांना हा हिशोब पटला होता. पलीकडे गेल्यावर मात्र त्यांना त्या हिशोबाची अशी शरम वाटली, की ते दुकानाच्या काचेत स्वतःचं तोंड बघेनात.

६

शनिवारी पाहुणे यायच्या आधी मामांनी सगळ्यांना वजनाच्या खोलीत बोलावलं. थेंबीलाही बोलावलं. ती दाराशीच उभी राहिली.

“चोर सापडला,” मामा म्हणाले. “नाट्यगृहात स्वच्छता करणारी म्हातारी आहे. तिनं कबुली दिली.”

मालकीणबाईंनी डोळे मिटले. कविराज थेंबीकडे बघून हसला. कुणी म्हणालं बरं झालं, कुणी म्हणालं आधीच कळायला हवं होतं. मालकीणबाई म्हणाल्या, कार्यक्रम आटपला की पोलिसांना कळवू, म्हातारी असली तरी चोर तो चोर. मग त्या थेंबीकडे वळल्या आणि म्हणाल्या, “तू सोमवारपासून ये.” माफी मागायचं त्यांच्या मनात होतं, पण ते शब्द त्यांच्या तोंडाला सवयीचे नव्हते.

मामा थांबले. ते फक्त एका बाईकडे बघत होते. ती बोलली नाही तर आपण बोलायचं का, हे त्यांचं अजून ठरलं नव्हतं. आणखी जरा वेळ गेला असता तर ठरलं असतं, असं त्यांना पुढे वाटत राहिलं, पण खात्रीनं नाही.

नाकबाई खुर्चीतून उठल्या.

“तिनं काही चोरलेलं नाही. चोरलंय मी.” आवाज चढला नाही की फुटला नाही. “ती माझी आई आहे.”

मालकीणबाई म्हणाल्या, की तुमची आई तर नटी होती ना. नाकबाईंनी नकारार्थी मान हलवली. ते त्यांनी शाळेत असताना रचलं होतं. शाळेच्या समारंभाला आई आली होती, सगळ्या आयांपासून लांब, फाटकाशी उभी राहिली होती. मैत्रिणीनं विचारलं, ती कोण. नाकबाई म्हणाल्या, ओळखत नाही. आईनं ते ऐकलं. त्यानंतर ती कधी शाळेत आली नाही, आणि पुढे कारखान्यात नोकरी लागली तेव्हा तिनंच बजावलं, की माझं नाव घेऊ नकोस, लोक तुझ्या नाकावर भरवसा ठेवणार नाहीत. “मी ऐकलं,” नाकबाई म्हणाल्या. “मला ते सोयीचंच होतं.”

मग मामांनी बाकीचं जुळवून दिलं. वास नाट्यगृहात आधीपासून होता, म्हणून तो इथून जाऊच शकत नव्हता. तिथे मावशी असते हे या खोलीत एकाच बाईला माहीत होतं, आणि ती तर म्हणे नाट्यगृहात कधी गेलीच नव्हती. आणि कबुली देणाऱ्या म्हातारीला बोटभर तपकिरी बाटली मोठी आणि निळी वाटत होती. वजनवालीचं नाव ऐकून जिचा जीव भांड्यात पडतो, तिचं या कारखान्यात दुसरं कुणीतरी असणार.

“तुम्ही राजघराण्यातली बाई मागितली,” नाकबाई मालकीणबाईंना म्हणाल्या. “मी तशी एकही पाहिलेली नाही. चारचौघांपासून लांब उभी राहणारी एकच बाई मला माहीत होती. ती का लांब उभी राहते, तेवढं मी तुम्हाला सांगितलं नाही.”

बोलली ती थेंबी, दारातूनच.

“मॅडम, माझी बॅग ओतली तेव्हा तुम्हाला हे माहीत होतं?”

“होतं.”

“आणि तुम्ही बघत होतात.”

“बघत होते,” नाकबाई म्हणाल्या. “थेंबी, मला माफ कर, असं म्हणायचीही मला लाज वाटते.”

थेंबीनं माफ केलं नाही आणि नाही म्हणूनही सांगितलं नाही. तिला रडू येत होतं, ते तिनं आवरलं. मग मामा तिच्यासमोर गेले आणि मान खाली घालून म्हणाले, की बॅग मी ओतली होती पोरी, ती ओतायला नको होती. त्यावर तिनं नुसती मान हलवली. तेवढंही मामांना जास्तच वाटलं.

शेवटी मालकीणबाई बोलल्या, कुणाकडे न बघता. त्या दुपारी दार ढकललं तेव्हा, वास ओळखायच्या आधी, त्यांच्या मनात एकच आलं होतं, की इथे आत्ताच कुणीतरी फार मोठी बाई येऊन गेली. मग ओळख पटली, जागा कुठली ते आठवलं, आणि संताप आला. “वास तोच होता,” त्या म्हणाल्या. “बदलले मीच.”

पाहुण्यांना त्या दिवशी चहा पाजून परत पाठवलं. बाटलीवरची ओळ बदलायची आहे, एवढंच कारण सांगितलं. कविराजांनी पहिल्यांदाच आपल्या ओळीची बाजू घेतली नाही.

दुपारच्या प्रयोगाला अजून वेळ होता. मामा आणि नाकबाई नाट्यगृहात गेले तेव्हा झाडलोट चालू होती. जिन्यापर्यंत नाकबाई नीट चालत आल्या, पण वळणावर त्यांचे पाय थांबले. मामा एकटेच खाली उतरले. मावशी दाराशी फरशी पुसत होत्या. मामांना बघून त्यांनी फडकं बादलीत टाकलं, आणि नेण्याची तयारी करून ठेवलेली एक पिशवी उचलली. पोलीस बरोबर आहेत असंच त्यांना वाटलं असणार.

“ती वजनवाली पोरगी,” त्यांनी आधी विचारलं. “कामावर आली का?”

“सोमवारपासून येईल. तिच्यावरचा आळ गेला.”

“माझं नाव सांगितलंत ना?”

“मी सांगितलं. पण ते खोटं आहे, असं एकजण सगळ्यांसमोर म्हणाली.”

मावशींनी पिशवी दोन्ही हातांत घट्ट धरली. कोण म्हणालं, हे त्यांनी विचारलं नाही.

“सगळ्यांसमोर?”

“सगळ्यांसमोर. माझी आई आहे म्हणाली.”

मावशी रागावल्या. इतकी वर्षं सांभाळलं ते का बोलायचं, कुणी विचारलं होतं, आता नोकरीचं काय, असं त्या पुटपुटत राहिल्या. पुटपुटता पुटपुटता आवाज गेला आणि त्यांनी कोपरानं डोळे पुसले, कारण हात ओले होते.

“आहे कुठे?”

“वर, जिन्याच्या वळणावर. खाली यायला लाजते आहे.”

मावशींनी वर बघितलं. तिथून जिना दिसत नव्हता.

“सांगा तिला,” त्या म्हणाल्या, “इथे यायला कुणाची परवानगी लागत नाही.”

आणि त्यांनी वाटेतली बादली बाजूला सरकवली.